उभ्या बोटीचा खर्च

दुपारचे सव्वातीन. अपू झोपलेली. पंखा सोडला तर घरात काही हलत नव्हतं. पोळ्यांच्या डब्यावर ठेवलेला फोन थरथरला आणि झाकण खुळखुळायला लागलं.

हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?

अगंबाई, शालनताई!… हो, मीच. तनुजा.… नाही हो, झोपले नव्हते. जवळा निवडत बसलेय.… जवळा, जवळा. सुकी मासळी. पावसाळ्यात ताजी कुठून आणू? पाव पाव किलोची पाकिटं करते, सोसायटीत देते.… चालतं की. चौथ्या मजल्यावरच्या काकू नाकाला पदर लावून येतात आणि दोन पाकिटं घेऊन जातात.

थांबा, दार लोटून घेते. अपू झोपलीय… हां, बोला आता.

सात महिन्यांनी फोन केलात ताई, म्हणजे काहीतरी मोठंच असणार. आई बऱ्या आहेत ना?… आणि अण्णा?… मग कुणी आजारी नाही, कुणाचं लग्न नाही, तर भावजय कशी काय आठवली?

…कसली बोट?

अच्छा. ती बोट. तुमची बोट.

नाही नाही ताई, ‘आपली’ नाही. जूनपासून तुमची. आमच्या फारकतीची बैठक आठवतेय ना, लोणीला, तुमच्या ओसरीवर? आठ पुरुष आणि नऊ कप चहा. नववा कप कुणाचा होता ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. माझा नव्हता, एवढं नक्की.… हो ना, आई काय म्हणाल्या होत्या? आमची जमीन विकून घेतलेली वस्तू आहे, ती आमच्या घरात आली पाहिजे. चाळीस फुटी बोट, घरात! मी म्हटलं, घ्या. जिथे बोट ठेवलं तिथे सही केली. एका शब्दाने भांडले का मी?… नाही ना? मग. तुम्ही पेढे वाटलेत. मलाही दिलात एक. खाल्ला मी. चांगला होता हो, कंदी होता.

मग आता काय झालं? आली का घरात?

…नोटीस? कुणाची नोटीस?… नोटीस नाही ती. विमा संपत आल्याचं पत्र आहे. एकतीस तारखेला संपतो.… किती लिहिलंय?… बासष्ट हजार. बरोबर आहे.… नाही ताई, चुकून शून्य जास्त पडलेलं नाही.… दर वर्षी. हो. दर वर्षी. दर वर्षी म्हणजे दर वर्षी, त्याला मी दुसरं काय म्हणू?

अहो, ऐका ना… ऐका तर. तुमच्या भावाला, विक्रमला, पहिल्यापासून वाटायचं बोट म्हणजे ट्रॅक्टर. हंगाम संपला, शेडमध्ये लावला, वर ताडपत्री टाकली, दसऱ्याला झेंडूचा हार घातला. उभा ट्रॅक्टर काही खायला मागत नाही. बोट तशी नसते. बोट पाण्यात असली तर निदान कमावते तरी. काठावर उभी राहिली की नुसती खाते.… हो, आता पाऊस आहे, आता ती खाडीत वर ओढून ठेवलीय, माहितीये मला. आताच तर जास्त खाते.

काय काय? लिहून घेता का? विक्रमला दाखवायला बरं.… घ्या, वही घ्या. मी थांबते.

…घेतली? हां. पहिलं, बोट वर ओढायला माणसं लागतात, त्यांची मजुरी. ती मे महिन्यात मी दिली, तेव्हा बोट माझी होती. आता परत पाण्यात ढकलायची, ती मजुरी तुमची. मग तळाला चिकटलेले शिंपले खरवडून काढायचे. मग फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकायचा, वरून तेल. तेल दोनदा. मग रंग. रंगाला वर्षाआड करू म्हणालात तर लाकूड पोखरणारा किडा वर्षाआड करत नाही. इंजिन उतरवून वर्कशॉपला. जाळी शिवून घ्यायची, दोर बदलायचे, बंदराची फी, परवाना, लाइफ जॅकेटं… लिहिताय ना?… अहो, हे सगळं बोट अजून पाण्यात गेली नाही तोवरचं. पाण्यात गेली की डिझेल आणि बर्फ. बर्फवाला उधारी ठेवत नाही. माझ्या बाबांची ठेवायचा. तुमची नाही ठेवणार.

मी? मी हसतेय कुठे? मला सर्दी झालीय.

…हो, चार वर्षं मीच बघायचे. हे सगळं. अपू मांडीवर आणि फोन कानाला. विक्रम काय बघायचा? विक्रम बोटीसोबतचे फोटो बघायचा. लोणीच्या चौकात फ्लेक्स लावला होता ना, बोटीपुढे गॉगल घालून उभा राहिलेला? तो फ्लेक्स आहे का अजून? असेल तर द्या पाठवून, जवळा वाळवायला होईल.

चिडू नका ताई. तुमच्यावर नाही माझा राग. तुम्ही फक्त पेढे वाटलेत.

…सर्व्हेअर येऊन गेला? विमा कंपनीचा?… कधी?… हं. काय म्हणाला?… तीन फळ्या. डाव्या अंगाच्या, पाण्याच्या रेषेखालच्या. मऊ पडल्यात. त्या बदलल्याशिवाय विमा होणार नाही.… आणि विमा नाही तर कर्ज दिलेली बँक गप्प बसणार नाही.… हो. आणि विम्याशिवाय एक तारखेला हंगाम सुरू झाला तरी बोट बाहेर काढायची नाही.… बरोबर सांगितलं त्याने. हुशार माणूस आहे.

…माहीत होतं. होतं मला माहीत. मेमध्येच माहीत होतं. मी कोळ्याची मुलगी आहे ताई, फळीवर अंगठा दाबला की कळतं.

सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. नऊ कप चहा झाला, एकाने तरी विचारलं का, की सूनबाई, बोटीची तब्येत कशी आहे? विचारलं असतं तर मी खोटं बोलले नसते.

…एक मिनिट हं, बेल वाजली.… काय काकू?… हो, दोनच राहिलीत. पैसे नंतर द्या.… चालेल, चालेल.… हां ताई, बोला. काकू होत्या. तुम्ही आलात की दुप्पट भावाने देईन.

…बरं, बोट चालवणाऱ्या रतनचं काय?… त्याने फोन उचलला नाही? उचलणार कसा, तो दुसऱ्या बोटीवर लागला. उचल घेतली त्याने तिथली, चांगली लाखाची. आता पुढचा अख्खा हंगाम तो तिथला तांडेल.… मग बोट चालवणार कोण, हे मला काय विचारता? विक्रम चालवेल. खडकवासल्याला पॅडलबोट चालवली होती ना त्याने, आमच्या लग्नानंतर.

रतनसकट पाचही गेले, बरोबर. तांडेल गेला की त्याचे खलाशी त्याच्यामागे जातात. तशीच पद्धत आहे आमच्याकडे. एकेकटा कुणी थांबत नाही.

…मी सांगितलं. हो. मीच सांगितलं रतनला. लपवून काय करू? म्हटलं, बोट विकली गेलीय असं समज आणि दुसरी बघ. आणि हेही म्हटलं की बाबांना एवढ्यात काही बोलू नकोस.… का म्हणजे?

ताई… ताई, एक विचारू? स्पीकरवर टाकलाय का फोन?

नाही, आवाज असा पोकळ येतोय म्हणून विचारलं.… आत्ता खोकला कोण? अण्णा? अण्णा असे खोकत नाहीत. सहा वर्षं ऐकलाय तो खोकला मी. काय सांगायचं सुचलं नाही की असाच खोकतो.

ये, विक्रम. बहिणीच्या पदराआडून बाहेर ये. बोल.

…आवाज मोठा नाही करत मी. अपू झोपलीय म्हणून नाही करत, तुझ्यासाठी नाही.

सूड? हो. सूडच आहे. दुसरं काय नाव देऊ? तुला बोट पाहिजे होती, मी तुला बोट दिली. जगातल्या किती बायका मागेल ते देतात? अरे, मी तर सोबत तिची भूकपण दिली.

…नाही, ते आधी ऐक. तू ऐक. फॉर्म आठवतोय? दोन वर्षांपूर्वीचा नाही, गेल्या जुलैचा. याच टेबलावर. वांग्याचं भरीत केलं होतं मी. तू एका हाताने जेवत होतास आणि एका हाताने लॅपटॉपवर विमा भरत होतास. ‘खलाशी आणि तांडेल, सहा जण’ असा चौकोन होता. त्यातली टिक तू काढलीस. मी विचारलं, हे का काढलं? म्हणालास, बोटीचा आहे ना विमा, बास की, मी ॲक्टिव्हालापण थर्ड पार्टीच काढतो, कोण पकडतंय. अकरा हजार दोनशे रुपये वाचले म्हणून टाळी मागितलीस. आणि त्याच आठवड्यात कारला सीट कव्हरं घातलीस. बारा हजारांची. क्रीम कलरची.

माझे बाबा होते त्या सहा जणांत.

…हो, मला माहितीये, जाळं ओढायच्या विंचमध्ये दोर कुणाचाही अडकू शकतो. मी म्हणतेय का की दोर तू ओढलास? तीन बोटं गेली. उजव्या हाताची. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस, त्याला जेवताना घास धरता येत नव्हता, मी भरवत होते, आणि अपू म्हणत होती आजोबा आता बाळ झाले. कंपनीतून काय आलं? शून्य. कारण टिक नव्हती. आणि तू दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून काय म्हणालास?… नाही, बोल ना, तूच बोल. ताईंनाही ऐकू दे.

…नाही आठवत? मला आठवतं. म्हणालास, वय झालं की हात चुकतो.

ताई, ऐकलंत? आता घाला वहीत. जिथे रंग, तेल, कापूस लिहिलंय ना, त्याच्याखाली घाला.

…त्या फॉर्मवर सही माझी होती, हे तू मला सांगू नकोस. मालक मी होते. टिक नसलेल्या कागदाखाली सही मी केली, भरीत गार होतंय म्हणून. ते माझं मला रोज दिसतं. त्याला तुझी मदत नको.

…हं.… हं.… काय म्हणणं काय आहे तुझं?

परत माझ्या नावावर? आता? वा. एक महिना झाला नाही तर दम लागला? नाही रे राजा. मी काहीही करणार नाही. रतनला फोन करणार नाही, सर्व्हेअरला करणार नाही, बर्फवाल्याला तर नाहीच नाही. बोट तिथेच उभी राहू दे. गणपती येऊ देत, दिवाळी येऊ दे. दर महिन्याला तिचं काहीतरी निघेल आणि दर महिन्याला तू खिशात हात घालशील. तीन फळ्यांच्या सहा होतील. सहाच्या बारा. विकायला काढशील तेव्हा लाकडाच्या भावानेही कुणी घेणार नाही. आणि प्रत्येक वेळी पाकीट काढताना तुला तो चौकोन दिसेल. एवढीच माझी इच्छा आहे. कुजू दे ती. अख्खी कुजू दे.

…काय?

गेला होतास? कुठे?… हर्णैला, बोटीकडे? कधी?… काल. सुताराला घेऊन. बरं मग? फळ्या बदलून घ्यायला गेला होतास तर मला कशाला…

बदललेल्या होत्या म्हणजे?

कुणी बदलल्या?… अरे, नीट सांग ना. ताई, जरा गप्प बसा, त्याला बोलू द्या. तिन्ही फळ्या?… नवीन लाकूड?… कुणी केलं?

…

बाबांनी.

कुठल्या बाबांनी? माझ्या?… तू बघितलंस? स्वतः?… शिडीवर? ह्या पावसात?… ताडपत्री बांधून. हं. ते तसंच करतात.… एकटेच होते?… रंग लावत होते. पण ब्रश कसा… त्यांना धरताच येत नाही ब्रश, त्यांना चमचा धरता येत नाही अजून…

मनगटाला बांधून?… फडक्याने. ब्रश मनगटाला बांधून.

…

नाही. आहे मी. ऐकतेय.

…नाव? बोटीचं नाव लिहीत होते? अपूचं?… किती झालं होतं लिहून?… ‘अपे’पर्यंत. तेवढंच. डाव्या हाताने उजवा हात धरून.

फळ्यांना पैसे कुठून आले त्यांच्याकडे? सागाच्या फळ्या आहेत त्या विक्रम, वीस-पंचवीस हजार सहज… मी तर त्यांना फक्त औषधाचे पाठवते दर महिन्याला. ह्या जवळ्याचे. मालिशवाल्याचे आणि औषधाचे. ते म्हणाले, औषध चालू आहे, गुण येतोय…

अगं आई गं.

…नाही, काही नाही. तुला नाही म्हणाले.

तू काय बोललास त्यांच्याशी?… काहीच नाही? ते तुला बघून…… बघितलंच नाही त्यांनी. तू झाडामागून बघून परत आलास. पुण्याहून सहा तास गाडी चालवून गेलास आणि झाडामागून परत आलास.… नाही, मी टोमणा नाही मारत. ह्या वेळी नाही.

…म्हणजे त्यांना अजून वाटतंय की बोट माझी आहे.

हो. नाही सांगितलं. मी नाही सांगितलं त्यांना. सांगणार होते. मला वाटलं, हंगाम सुरू होईल, बोट बाहेर पडणार नाही, मग हळूच सांगू. जरा तू तोंडावर पडलास की सांगू, म्हणजे त्यांनाही बरं वाटेल. मला वाटलं त्यांनाही बरं वाटेल, विक्रम… मला वाटलं, त्यांनाही त्या बोटीकडे बघवत नसेल.

…तू काय विचारतोयस? सर्व्हेअरला परत बोलावू का?… बोलाव ना. तुझी बोट आहे. तीन फळ्या नव्या आहेत, कापूस ठोकलेला आहे, रंग होत आलाय. तो आता लगेच पास करेल. बासष्ट हजार भर आणि मजा कर. फुकट दुरुस्त करून मिळाली तुला. माझ्या बाबांनी केली. माझ्या जवळ्याच्या पैशांनी. बघ बाबा, तुझं नशीब. मी इकडे तुला भुकेली बोट दिली म्हणून खूश होतेय आणि तिला मीच जेवायला घालतेय.

…हसू नका ताई.… रडताय? मग रडा. पण आवाज न करता.

…काय? परत सांग.… ते मला कशाला विचारतोस? बाबांना थांबवायचं की नाही, हे मला कशाला… तू थांबव! तुझी वस्तू आहे, तिला कुणी हात लावायचा ते तू ठरव. जा आणि म्हण, ही बोट तुमच्या मुलीची नाही, शिडीवरून उतरा. जा ना.

…नाही जमणार. हं. मला माहीत होतं.

नाही, मलाही नाही जमणार. आत्ता तर नाही.

…टिक करशील? सहाच्या सहा जणांची? आता? आता कोण आहे त्या बोटीवर टिक करायला? रतन गेला, पाचही गेले. एकच माणूस आहे बोटीवर आणि तो शिडीवर उभा आहे.… हो, त्याचीच कर मग. बघ, शिडीवर उभ्या माणसाला चालतो का तुमचा विमा. विचार त्या कंपनीला.… मी चिडून नाही बोलत. खरंच विचार. आणि आजच विचार.

मी करते त्यांना फोन. करेन मी.… आज. संध्याकाळी. ते पाचला उतरतील शिडीवरून, उजेड असेपर्यंत नाही थांबत, गुडघे दुखतात त्यांचे.… काय बोलेन ते माझं मी बघेन. तू नको सांगूस काय बोलायचं. आणि तू परत झाडामागे जाऊ नकोस. गेलास तर समोर जा.

…आवाज मोठा झाला का माझा? हो ना… थांब, काहीतरी वाजलं आत. दार… अपू उठली वाटतं.

अगं, तू कधी आलीस इथे? कधीपासून उभी आहेस? चप्पल घाल, फरशी गार आहे.… हो, बाबा आहे फोनवर.… नाही, नंतर बोल त्याच्याशी. ये, इकडे ये. मांडीवर नको, माझे हात वासाचे आहेत… बरं, ये.

हॅलो, विक्रम?… हॅलो?… तुटला वाटतं.

काय गं सोन्या? काय बघतेस अशी?… हो, आजोबांविषयीच बोलत होतो.… हो, रंग देतायत. तुझं नाव लिहितायत, मोठ्ठं, लाल.… हो, सगळं ऐकलंस का तू? बरं. मग ठीक आहे.… नाही, आता आपली नाही ती बोट. आईने देऊन टाकली.

“मग आई, आजोबांना कोण सांगणार?”